दाढीला रजा नसते

कंपनीत त्याला सगळे ‘ससा’ म्हणत. हे नाव हवालदारांनी ठेवलेलं. भरतीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात परेड चालू असताना स्वयंपाकघरामागे पत्र्याचं पिंप आडवं झालं. सगळी रांग ताठ उभी आणि हा एकटा वीतभर उडाला. हवालदार सावकाश चालत त्याच्यापुढे आले, त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "सैन्यात वाघ येतात असं ऐकून होतो. हा ससा कुणी पाठवला?" नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे खुद्द मेजरसाहेबही एकदा बोलण्याच्या भरात "त्या सशाला बोलवा" म्हणून गेले.

घाबरट तो लहानपणापासूनच. कुणी दार जोरात वाजवलं तरी तो माजघरात पळायचा. आईवडील लवकर गेले, आणि त्याच्याहून बराच मोठा असलेल्या दादाने त्याला वाढवलं. दादा बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होता. शाळा सोडल्यावर ससाही दोन-तीन वर्षं तिथेच लाद्या ओढत होता. मग एक दिवस दादाच म्हणाला, "इथे गारठ्यात तुझी बोटं गळून पडतील. सैन्यात जा. दोन वेळचं जेवण तरी वेळेवर मिळेल."

"आणि लढाई झाली तर?"

"तुला बघून समोरचेच म्हणतील, याला काय मारायचं, आधीच अर्धा मेलाय," दादा म्हणाला, आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला.

लढाई काही झाली नाही. त्याच्या कंपनीचं काम वेगळं होतं. कुठे विषारी वायू सुटला, रसायनाची टाकी फुटली, की हवेची नळकांडी पाठीवर बांधायची, तोंडावर मास्क चढवायचा आणि सगळं जग ज्या दारातून बाहेर पळतंय त्याच दारातून आत शिरायचं. म्हणून इतर कुठल्याही कंपनीपेक्षा तिथे दाढीचा नियम कडक. मास्कचं रबर गालाला जळवेसारखं चिकटायला हवं. दाढीची खुंटं मध्ये आली की फट राहते, आणि त्या फटीतून आत काय आलं ते सांगायला माणूस शिल्लक राहीलच असं नाही.

हे सगळं सशाला पटत होतं. त्याच्या कातडीला पटत नव्हतं. त्याचे केस कुरळे. कापले की टोक वळून पुन्हा कातडीतच शिरायचं. गळाभर पुळ्या उठायच्या. रोज पहाटे त्याच पुळ्यांवरून वस्तरा फिरवायचा, म्हणजे जखमेवर नांगर. हळू फिरवावा तर खुंटं राहणार आणि जोरात फिरवावा तर शर्टाची कॉलर रक्ताने भरणार. त्यानंतर परेडला हवालदार कापसाचा बोळा घेऊन यायचे. तो गालावरून उलटा फिरवायचे. कापसाचा एक धागा जरी अडकला, तरी अख्ख्या कंपनीसमोर, पाण्याशिवाय, साबणाशिवाय पुन्हा दाढी. ते एकदा सशाच्या वाट्याला आलं होतं. त्यानंतर कापूस दिसला तरी त्याचा हात आपोआप गालाकडे जायचा, मग तो दवाखान्यातला का असेना.

डॉक्टरांनी त्याचा गळा पाहून सांगितलं, "हे बरं व्हायचं असेल तर महिनाभर पातं लावू नकोस." हवालदार म्हणाले, "बरोबर आहे डॉक्टरांचं. त्यांना मास्क घालून आत जायचं नसतं."

तेवढ्यात त्याची मोठी रजा मंजूर झाली, आणि बराकीत एक जुना वाद उकरून निघाला. रजेवर असताना दाढी करावीच लागते का?

"रजा म्हणजे रजा," कंपनीचा कारकून म्हणाला. "गणवेश खुंटीला, बूट खाटेखाली, आणि तोंड ज्याचं त्याचं."

"असं कसं? पगार रजेतही सैन्याचाच खातोस ना? मग गालही सैन्याचेच," आचारी म्हणाला. कारकून हसला आणि म्हणाला, "मग आमचं पोटही सैन्याचंच, ते का असं तिखट घालून जाळतोस?" कुणी सांगितलं की दुसऱ्या तुकडीतला एक जण रजेत दाढी वाढवून गावात फिरताना सापडला आणि त्याची उरलेली रजा गेली. कुणी म्हणालं की तो दाढीमुळे नाही, दारूमुळे सापडला. नियम प्रत्यक्ष वाचलेला एकही माणूस तिथे नव्हता. शेवटी दारातून जाता जाता हवालदार एवढंच म्हणाले, "दाढीला रजा नसते." ते थट्टेने म्हणाले की खरंच, हे विचारण्याइतकं धैर्य कुणाकडे नव्हतं.

ससा घरी आला. घर बराकींपासून फार लांब नव्हतं, पूल ओलांडला की पलीकडच्या वस्तीत. हीच तर पंचाईत. दुसऱ्या दिवशी त्याने सवयीने वस्तरा हातात घेतला तशी बायकोने तो काढून घेतला आणि फळीवर डब्यामागे ठेवून दिला.

"गळा बघितलात का आरशात? सोललेल्या टोमॅटोसारखा झालाय. डॉक्टर काय म्हणाले होते?"

"आणि कुणी पाहिलं तर?"

"पाहिलं तर म्हणावं, माझ्या बायकोला विचारा."

दाढी वाढू लागली. आठवड्याभरात पुळ्या बसल्या, कातडी निवली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तो उशीवर कूस बदलताना कण्हला नाही. दादा भेटायला आला तेव्हा बघतच राहिला. "अरे, तू तर माणसात आलास की!" गळ्याला सुख होतं, पण जिवाला नव्हतं. रस्त्यावर बुटांचा आवाज आला की ससा खिडकीपासून मागे सरायचा. दूध आणायला निघताना भर उन्हात गळ्याभोवती मफलर गुंडाळायचा, आणि त्यामुळेच लोक वळून वळून बघायचे.

अशात एक दिवस सासूबाईंना गादी घ्यायची होती. सासूबाईंना ऐकू कमी येई, त्यामुळे जगालाही कमी ऐकू येतं असं समजून त्या बोलत. जावयाला घेऊन त्या गाद्यांच्या दुकानात शिरल्या. कापसाच्या गठ्ठ्यांकडे पाहून सशाला आधीच कसंतरी होत होतं. त्याने सहज रस्त्याकडे पाहिलं आणि त्याचं रक्त गोठलं. समोरच्या फुटपाथवरून साध्या कपड्यात, हातात भाजीची पिशवी घेऊन हवालदार येत होते. गाल असे गुळगुळीत की ऊन घसरून पडावं. म्हणजे हा माणूस सुटीच्या दिवशीही दाढी करतो!

ससा उभ्या लावलेल्या गाद्यांच्या मागे शिरला. तिथे धूळ होती, अंधार होता, आणि खोळींतून निघालेला कापूस गालाला घासत होता.

"जावईबापू!" सासूबाईंचा आवाज सगळ्या बाजारात घुमला. "अहो, गादीमागे काय करताय? बाहेरून बघा ना गादी!"

तो आणखी आत सरकला.

"उंदीर दिसला का? अहो, घाबरू नका, तुम्ही सैन्यात आहात!"

दुकानदार हसला. रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबले. बऱ्याच वेळाने ससा बाहेर आला, तेव्हा त्याच्या दाढीभर कापसाचे धागे अडकले होते आणि रस्त्यावर हवालदार नव्हते. त्यांनी पाहिलं की नाही? हाच प्रश्न घेऊन तो घरी आला. जेवताना तोच, झोपताना तोच. पाहिलं असेल तर ते बोलावणार. अजून बोलावलं नाही, म्हणजे पाहिलं नाही. की मुद्दाम वाट बघायला लावताहेत? बायको वैतागून म्हणाली, "एवढं असेल तर करून टाका बाई दाढी, पण हे घरातल्या घरात चोरासारखं वागणं थांबवा." त्याने डबा सरकवून वस्तरा काढला, गळ्यावरच्या नव्या कोवळ्या कातडीवरून बोट फिरवलं, आणि परत ठेवून दिला. उद्या करू. कामावर जायच्या आदल्या दिवशी करू.

दोन दिवसांनी दुपारी दार वाजलं. साधी टकटक नव्हती. मुठीने, घाईघाईने ठोकत होतं कुणीतरी. बायको शेजारी गेली होती. त्याने फटीतून पाहिलं. बाहेर गणवेशात हवालदार उभे होते.

तोंडावर टॉवेल धरून त्याने कडी काढली. आपण आता काय सांगणार आहोत हे त्याने मनात इतक्यांदा घोकलं होतं, डॉक्टर म्हणाले, बायको म्हणाली, कारकून म्हणाला, पण हवालदारांनी त्याला तोंड उघडूच दिलं नाही.

"चल," हवालदार म्हणाले. "बर्फाच्या कारखान्यात अमोनिया सुटलाय. जवळ राहणारे सगळे उचलतोय. बूट घाल."

"साहेब, माझा दादा—"

"माहितीये. म्हणूनच पहिला तुझ्याकडे आलो."

टॉवेल त्याच्या हातातून कधी गळून पडला ते त्याला कळलं नाही. हवालदारांनी त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. मग ते घाईने गाडीकडे वळले.

कारखान्याच्या अलीकडच्या चौकातच वास आला. वास कसला, नाकात सुई खुपसल्यासारखी कळ. लोक तोंडाला ओली फडकी लावून पळत होते. फाटकाशी अग्निशामक दलाचे बंब उभे होते. त्यांची दोन माणसं आतून कामगारांना ओढून काढता काढता स्वतःच आडवी झाली होती. मुकादम डोळे चोळत, खोकत सांगत होता, "सगळे बाहेर आलेत. मशीनवाला राहिला. गॅसचा कॉक बंद करायला मागे वळला तो आलाच नाही."

मशीनवाला म्हणजे दादा.

"आतली वाट कुणाला माहितीये?" हवालदारांनी विचारलं. मुकादमाला माहीत होती, पण त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. दुसरा ससाच. बर्फ जमवायच्या मिठाच्या पाण्याच्या हौदावरून मशीनच्या खोलीत जाणारी अरुंद वाट त्याने दोन-तीन वर्षं रोज तुडवली होती. हवालदार म्हणाले, "मी आणि तू."

नळकांडी पाठीवर चढली. ससा मास्क लावू लागला, पट्टे आवळले, आणि शिकवल्याप्रमाणे नळीच्या तोंडावर तळहात दाबून श्वास आत ओढला. रबर चेहऱ्यावर ओढलं जायला हवं होतं. त्याऐवजी दोन्ही गालांपाशी बारीक सूंऽऽ असा आवाज झाला. साप गवतातून गेल्यासारखा. त्याने पट्टे आणखी आवळले, इतके की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुन्हा तळहात दाबला. पुन्हा सूंऽऽ.

त्या क्षणी तो जितका घाबरला तितका आयुष्यात कधी घाबरला नव्हता. मास्क गळतोय म्हणून सांगावं तर सगळ्यांसमोर कबुली, रजेत दाढी वाढवली आणि आता भावाला काढायला जाता येत नाही. न सांगता आत जावं तर हौदापाशी पोहोचेपर्यंत आपण पडणार, मग हवालदारांना दोघांना ओढावं लागणार, आणि तिघेही तिथेच राहणार. गप्प बसून आत जाणं त्याला सोपं वाटत होतं, हे त्याचं त्यालाच कळलं आणि त्याचीच त्याला भीती वाटली. त्याने मास्क उतरवला.

"साहेब," तो म्हणाला. "साहेब, बसत नाहीये. दाढी... फट राहतेय."

हवालदारांनी स्वतःचा मास्क खाली घेतला. सगळे थांबले होते. आता हे काय बोलणार म्हणून सशाने डोळेच मिटले. त्याला फक्त हवालदारांच्या खांद्यावरच्या पिशवीची चेन सरकल्याचा आवाज आला.

"बस त्या नळाखाली. मान वर कर."

हवालदारांच्या पिशवीत वस्तरा असायचाच. नळ कारखान्याचाच, पाणी बर्फासारखं. साबण नव्हता. एक हात कपाळावर ठेवून त्यांनी सशाचं डोकं भिंतीला टेकवलं आणि गालावरून पातं ओढलं. पहिल्याच ओढीला डोळ्यांतून पाणी आलं. मग गळा. जेमतेम भरलेली कातडी जागोजाग फाटत गेली आणि रक्त ओघळून कॉलरमध्ये शिरलं.

आणि तेव्हा सशाच्या लक्षात आलं, की कपाळावरचा तो हात थरथरतोय.

"साहेब?"

"बोलू नकोस, कापेल," हवालदार म्हणाले. मग पात्यावरची नजर न काढता हळूच म्हणाले, "आत जायचं म्हटलं की माझंही पोट बिघडतं. दरवेळी. हलू नकोस म्हणतो ना."

पुन्हा मास्क. पुन्हा तळहात. रबर कचकन चेहऱ्याला चिकटलं. फाटलेल्या कातडीवर निखारे ठेवावेत तशी आग झाली, पण आवाज मात्र आला नाही.

आत पांढरं धुकं होतं, गुडघ्यापर्यंत दाट, वर विरळ. बाहेरून बंबवाले दारात पाण्याचा फवारा धरून होते आणि त्याचे थेंब काचेवरून ओघळत होते. ससा पुढे, हवालदार मागे, त्यांचा एक हात त्याच्या पट्ट्यात अडकवलेला. स्वतःच्या श्वासाची घरघर सोडून त्याला काही ऐकू येत नव्हतं. हौदावरच्या लाकडी झाकणांवरून पाय घसरत होता. अमोनिया ओल्या कातडीला शोधतो. कॉलर आणि मास्क यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, जिथे रक्त ओलं होतं, तिथे त्याला ती बरोब्बर सापडली. तो मास्कच्या आत ओरडला. पाय मागे वळायला बघत होते. पट्ट्याला मागून हात होता म्हणून तो थांबला. तो हात त्याला ढकलत नव्हता, फक्त धरून होता. त्याला पुढे कशाने नेलं हे त्याला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही. "दादा पुढच्या बाजूला होता म्हणून," एवढंच तो म्हणायचा.

दादा मशीनच्या खोलीत नव्हता. तिथे पाईपाच्या जोडातून वाफेसारखा झोत येत होता. ससा भिंत चाचपत पुढे गेला. मागे लाद्या ठेवायच्या थंड कोठडीचं जाड दार होतं. ओढून पाहिलं तर आतून काहीतरी अडकलेलं. दोघांनी मिळून जोर लावला. दाराच्या फटीत ओली पोती कोंबली होती, आणि आत, लाद्यांच्या मध्ये, डोक्यावर भिजलेलं गोणपाट घेऊन दादा गुडघ्यात मान घालून बसला होता. शुद्धीत नव्हता. पण गोणपाट वरखाली होत होतं.

दोघांनी त्याला कसं उचललं, हौद पुन्हा कसा ओलांडला, हे सशाला आठवत नाही. फाटकाबाहेर मास्क काढल्यावर तो आधी ओकला, आणि मग दादाला चढवलेल्या रुग्णवाहिकेच्या पायरीवर जाऊन बसला.

दादा वाचला. पुढे एका डोळ्याने त्याला धूसरच दिसायचं आणि आवाज कायमचा बसला. सशाच्या गळ्याला जंतुसंसर्ग झाला, ताप चढला, आणि तोही रुग्णालयात दादाच्या शेजारच्या खाटेवर पडला. ताप उतरला तसं दुसरं भय वर आलं. मेजरसाहेबांनी बोलावलं होतं.

मेजरसाहेबांच्या टेबलाशी तो उभा राहिला तेव्हा हवालदार कोपऱ्यात होतेच. "आपत्कालीन कामावर हजर होताना दाढी वाढलेली होती, असं मी ऐकतो," मेजरसाहेब म्हणाले. "तू रजेवर होतास. रजेत सैनिकाला दाढी वाढवता येते की नाही, यावर मला तिघांनी तीन मतं दिली आहेत. हवालदार, तुमचं काय म्हणणं?"

सशाने जमिनीकडे पाहिलं. आता ते वाक्य येणार.

"साहेब," हवालदार म्हणाले, "हा रजेवर होता तोवरचं मला माहीत नाही. मी त्याला कामावर घेतलं, आणि कामावर आल्यावर त्याने सगळ्यात आधी दाढी केली. मी साक्षीदार आहे. नियम कुठे मोडला, ते मला तरी दिसत नाही."

मेजरसाहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "जा." सशाने सलाम केला. बाहेर व्हरांड्यात आल्यावर हवालदारांनी त्याला गाठलं.

"गाद्यांच्या दुकानात तुला पाहिलं होतं मी," ते म्हणाले. "तेव्हाच हटकलं असतं तर कारखान्यात दाढी करायची वेळ आली नसती. डॉक्टरांशी बोललोय. तातडीने बोलावण्याची पाळी नसेल त्या दिवसांत गळा मोकळा ठेव. पाळी लागायच्या आदल्या दिवशी मात्र माझ्याकडे यायचं."

"कापूस घेऊन, साहेब?"

"कापूस घेऊन."

ससा तिथून रुग्णालयात गेला. दादाच्या डोळ्यांवर पट्टी होती. त्याने हात पुढे करून भावाचा चेहरा चाचपला; गाल, हनुवटी, मग खपल्या धरलेला गळा. तिथे त्याची बोटं थांबली.

"कुणी केली रे ही दाढी?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "कोंबडी तरी यापेक्षा बरी सोलतात."

सशाला हसू आलं आणि रडूही आलं. तेवढ्यात बाहेर कुणाच्या तरी हातून भांडं पडलं, आणि तो खाटेवरून वीतभर उडाला. दादाने त्याचा हात सोडला नाही.